सहा जणींची बेरीज

पळणं माझं होतं. शाळेत असताना मी पर्वतीच्या पायऱ्या धावत चढायचे, आणि जिल्ह्याच्या शर्यतीतलं पदक अजून माझ्या कपाटात आहे. माझी धाकटी जाऊ लग्न होऊन इथे सिंगापुरात, टॅम्पिनीसला, आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये राहायला आली तेव्हा तिला एमआरटीचा, म्हणजे इथल्या मेट्रोचा, जिना चढतानाही धाप लागायची. मग ती बेडोक रिझर्व्हॉयरच्या तळ्यावर चालायला लागली, चालता चालता पळायला लागली, आणि बघता बघता अशी शिडशिडीत झाली की मंडळाच्या गणपतीत बायका बोलायच्या माझ्याशी आणि बघायच्या तिच्याकडे. "काय मेन्टेन केलंय गं हिने!" डोंबलाचं मेन्टेन! माझ्या पोटात नुसतं दुखायचं.

बरं, स्वभावाने इतकी गोड की भांडायलाही जागा ठेवायची नाही. मी थोरली, म्हणून हळदीकुंकवाला पहिला मान माझा, जेवायला पहिलं ताट माझं, फोटोत मधोमध मी. "ताई, आधी तुम्ही." हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. त्या वर्षी सासूबाई पुण्याहून आल्या होत्या आणि त्यांना तर तिचं किती कौतुक करू नि किती नको असं झालेलं.

शर्यतीची टूम काढली ती रिझर्व्हॉयरवर रोज भेटणाऱ्या एका म्हाताऱ्या इंग्रजाने. कुठल्याशा शाळेत मास्तर होता, निवृत्त होऊन इथेच राहिलेला. त्याचे आजोबा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशादेशांमधल्या क्रॉसकंट्री शर्यतीत पळाले होते. देश म्हणजे तरी कोण, तर इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स. फ्रान्स मागाहून आला. घोड्यांच्या रेसकोर्सवर, गवतातून आणि चिखलातून पळायचं. प्रत्येक देशाच्या पहिल्या सहा जणांचे नंबर घेऊन त्यांची बेरीज करायची, आणि ज्यांची बेरीज सगळ्यात कमी तो देश जिंकला. आजोबा त्यांच्या सहा जणांतले शेवटचे. पण त्यांचा नंबरही बेरजेत धरला होता, हे सांगताना म्हातारा अजून छाती फुगवायचा.

तशीच शर्यत त्याला इथे बायकांची घ्यायची होती. संघात सहाच जणी, म्हणजे सगळ्यांचेच नंबर धरायचे. बेडोकच्या चिनी आंट्यांचा एक संघ झाला, कुठल्याशा बँकेतल्या मुलींचा एक, आणि आम्हा मराठी बायकांचा एक. डांबरी वाटेवर पाय ठेवायचा नाही, गवतातून जायचं, टेकाड चढायचं, उतरायचं, तळ्याच्या कडेने परत. आमच्या मैत्रिणी बेरजेचे हिशोब करत बसल्या. मी मान डोलवत होते, पण संघ गेला खड्ड्यात, मला फक्त माझ्या जावेला हरवायचं होतं. एकदाच, आणि सासूबाईंच्या डोळ्यांदेखत.

शर्यतीच्या सकाळी गवत पावसाने निसरडं झालं होतं. सासूबाई पातळावर स्पोर्ट्स शूज घालून, छत्री घेऊन, शेवटच्या रेषेजवळ घडीच्या खुर्चीत बसल्या होत्या. मी सुरुवातीपासून जीव तोडून पळाले. टेकाडावर छातीचा भाता झाला, बुटांत चिखल शिरला, तरी मागून हिची पावलं ऐकू येत होती आणि ती मागेच होती. मागेच! अहाहा, काय सांगू! शेवटच्या सरळ पट्ट्यात डोक्यावर व्हायझर लावलेली एक चिनी आंटी आम्हा दोघींना मागे टाकून गेली. जाऊ दे तिला, माझं काय जातंय! रेष ओलांडली आणि मी दोन्ही हात वर केले. सासूबाईंनी नेमकं बघितलं की नाही, तेही वळून पाहून घेतलं.

म्हाताऱ्याने बेरीज केली. चिनी आंट्या जिंकल्या, आम्ही एका आकड्याने हरलो. शेवटी पुढे गेलेली ती व्हायझरवाली आम्हा दोघींपैकी एकीच्या जरी मागे राहिली असती, तरी जिंकलो असतो. म्हातारा माझ्या जावेकडे निरखून बघत होता. तुला धापसुद्धा लागलेली नाही, मग तू मागे का राहिलीस, असं त्याने सरळ विचारलं.

ती कावरीबावरी झाली. मग माझ्याकडे बघत मराठीत म्हणाली, "ताई, तुम्ही मोठ्या. आईंच्या समोर तुम्हाला मागे टाकून पुढे पळायचं, ते बरं दिसेना मला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं रक्त आटवून मिळवलं काय, तर पुन्हा ते मानाचं पहिलं ताट! आमच्या बाकीच्या चौघी तिच्यावर चिडायच्या सोडून माझ्याकडेच बघायला लागल्या. आणि सासूबाई? त्या खुर्चीतून उठल्या, तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि मला म्हणाल्या, "बघितलंस? थोरामोठ्यांचा मान कसा ठेवावा, ते हिच्याकडून शिकावं!"

म्हणजे मी पुढे आले तरी कौतुक तिचंच.

घरी जाताना मी तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. "उद्या सकाळी याच वाटेवर. आई नाहीत, कोणी नाही, आपण दोघीच. आणि खबरदार माझ्यासाठी थांबलीस तर!"

"नक्की ना, ताई?"

"नक्की."

दुसऱ्या दिवशी ती आली. मी "पळ" म्हटलं आणि बाई सुटलीच. टेकाडाच्या पायथ्याशी ती माझ्या बरीच पुढे होती, वर पोचेपर्यंत दिसेनाशी झाली. तिला असं पळताना मी कधी पाहिलंच नव्हतं. काय पळत होती! पाय गवताला लागत होते की नाही कोण जाणे. मी जळत जळत तिच्यामागे पळत राहिले, आणि एकदाही तिने मागे वळून बघितलं नाही.

मी पोचले तेव्हा ती बाकावर पाय पसरून बसली होती. मी उभीच होते, पण या वेळी ती उठली नाही, की मला आधी बसा म्हणाली नाही. पाण्याची बाटली माझ्यापुढे केली तेवढी.

"नको मला तुझं पाणी," मी म्हटलं. "उद्या परत ये."