मार्थाबाईची चिठ्ठी

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली, आता सांगायचं ठरवलं तरी उपयोग नाही. एकाही पाळकाला सांगितलं नाही — माझ्या डोळ्यांदेखत चार पाळक आले आणि बदलून गेले. तुम्हाला वाटेल, निदान प्रार्थनेत तरी बोललो असेन. अहो, प्रार्थनेतसुद्धा मी आडूनच बोलत आलो. ‘प्रभू, तुला सगळं ठाऊक आहे’ एवढं म्हणायचं आणि पुढच्या विषयावर जायचं. त्याला ठाऊक आहे म्हटलं की आपल्याला सांगावं लागत नाही.

तुमच्यावरही माझा पुरता विश्वास नाही, आधीच सांगून ठेवतो. हे वाचून तुम्ही कुणाकुणाला सांगाल, असं मनात येतंच आहे. सांगा. पण मला लिहू द्या.

माझा स्वभाव मुळातच संशयी. शाळेत मास्तर होतो. पोरगं पोट धरून उभं राहिलं की मला आधी वाटायचं, गृहपाठ केलेला दिसत नाही. दूधवाल्याच्या कॅनमध्ये मी वाकून बघायचो. बायको म्हणायची, “तुमाले आरशातल्या मानसावर बी भरोसा नाही.” तिथं ती चुकत होती. त्या एका माणसावर माझा फार भरोसा होता.

आमच्या चर्चच्या मंडळीत जुन्या मिशनरी साहेबांच्या काळापासून चालत आलेली एक पद्धत होती. प्रभुभोजन दर तीन महिन्यांनी व्हायचं. त्याच्या आधीचा आठवडा आत्मपरीक्षणाचा. त्या आठवड्यात आम्ही पंच — म्हणजे मंडळीनं निवडलेले पाच जण — घरोघर जायचो आणि विचारायचो: कुणाशी वैर आहे का, दारू घेता का, घरात जुने देव आहेत का? उत्तरं पटली की चिठ्ठी द्यायची. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचा कागद, त्यावर त्या माणसाचं नाव. रविवारी ती चिठ्ठी चर्चच्या दारात दिली तरच भाकर आणि प्याला मिळायचा. ज्याला चिठ्ठी नाही त्यानं शेवटच्या बाकावर बसायचं आणि उपदेश संपला की उठून बाहेर जायचं. सगळ्यांच्या देखत.

चिठ्ठ्या मी लिहायचो. माझं अक्षर चांगलं. बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात त्या ठेवायचो, डबा कपाटाच्या वरच्या फळीवर, त्यावर बायकोनं क्रोशानं विणलेला रुमाल. त्या डब्याला घरात कुणी हात लावलेला मला चालत नसे. धूळसुद्धा मीच पुसायचो. त्या आठवड्यात आमच्या सदर भागातल्या बाजारात लोक मला लांबूनच ‘नमस्कार मास्तर’ करायचे — मोठमोठे लोक, हेडक्लार्क, हॉस्पिटलातल्या मेट्रन. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

आणि पंचांची परीक्षा कोण घ्यायचं? कुणीच नाही. आपापली चिठ्ठी आपणच लिहायची.

मार्थाबाई शहराच्या महाल भागात एका खोलीत राहायची. विधवा, मूलबाळ नाही. झंपर आणि शाळेचे गणवेश शिवून पोट भरायची. माहेर उमरेडचं, विणकरांचं. त्या घरातून बाप्तिस्मा घेतलेली ती एकटीच. बापानं त्या दिवसापासून तिचं नाव टाकलं होतं. चर्चला मात्र ती एक रविवार चुकवायची नाही, महालापासून पायी यायची. प्रभुभोजनाच्या दिवशी तिची पांढरी साडी वेगळी असायची, इस्त्रीची.

एका रविवारी आमच्या पाळकांनी मूर्तींवर उपदेश केला. म्हणाले, दगडाचे देव सोडले म्हणून आपण सुटलो असं समजू नका. आता मूर्ती वेगळ्या झाल्या आहेत. कुणाची मूर्ती स्कूटर, कुणाची नोकरी, कुणाची खुर्ची. घरी जा आणि ज्यानं त्यानं आपल्या घरात शोधा. सगळे माना खाली घालून ऐकत होते. मी मात्र मान वर करून बघत होतो — कुणाची मान जास्त खाली गेली? ज्यानं त्यानं आपल्या घरात, असं पाळक स्पष्ट म्हणाले होते. मी दुसऱ्यांची घरं मोजायला लागलो.

त्याच आठवड्यात मी आणि आणखी एक पंच मार्थाबाईकडे गेलो. तिनं चहा केला. मी नेहमीचे प्रश्न विचारले, तिनं नीट उत्तरं दिली, मी चिठ्ठी पुढे केली. ती घेता घेता ती म्हणाली, “मास्तर, येक इचारू का जी? तुमाले कोन देते चिठ्ठी?”

कुचकटपणा नव्हता हो तिच्या विचारण्यात. आज शपथेवर सांगेन. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण माझ्याबरोबरचे पंच हसले. ते हसणं माझ्या डोक्यात गेलं आणि तिथंच राहिलं. सायकल हाकत घरी येईपर्यंत मी ठरवूनही टाकलं होतं की या बाईच्या मनात काहीतरी आहे. जो लपवतो तोच असं विचारतो. आणि मग आठवलं — तिच्या शिवणयंत्रामागं एक कोनाडा होता, त्यावर फुलाफुलांचा पडदा होता. कोनाड्याला पडदा काहून?

तीन महिने तो पडदा माझ्या डोक्यातून गेला नाही. पुढच्या फेरीला माझे जोडीदार तापानं आडवे होते. मी एकटाच गेलो. ती म्हणाली, “बसा जी, नळ आला, येवढी घागर भरून आन्तो.” ती अंगणाच्या टोकाला गेली. मी उठलो आणि पडदा बाजूला केला.

आत एक धोटा होता. विणकर मागावर इकडून तिकडं फेकतात तो, लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंड. मी दोन वर्षं उमरेडला मास्तरकी केली आहे, माझ्या वर्गातल्या अर्ध्या पोरांचे बाप विणकर होते. मी धोटा ओळखणार नाही? मी तो हातात घेतला. त्यातल्या कांडीवर थोडा निळा दोरा राहिला होता. आणि वरच्या बाजूला कुंकवाचं एक बोट ओढलेलं होतं, वाळून काळपट झालेलं. दसऱ्याला विणकर आपल्या हत्याराला लावतात तसं. बाकी काही नाही. फूल नाही, दिवा नाही, अगरबत्तीची राख नाही. मी नीट बघितलं, बोट फिरवून बघितलं. मग धोटा ठेवला, पडदा सारखा केला आणि ती येण्याआधी खुर्चीवर येऊन बसलो. चिठ्ठी दिली नाही. म्हटलं, पंचांशी बोलून देतो.

पंचांपुढं मी काय सांगितलं? कोनाड्यात पडदा लावून काहीतरी ठेवलंय, त्याला कुंकू आहे. यात खोटं एक अक्षर नव्हतं. ‘काहीतरी’ हा शब्द मी विचार करून निवडला होता.

रविवारी दुपारी चर्चमागच्या खोलीत तिला बोलावलं. पाळकांनी सौम्यपणे विचारलं, कोनाड्यात काही ठेवलं आहे का? आहे, म्हणाली. त्याला कुंकू आहे का? आहे. मग पाळक म्हणाले, बाई, ती मूर्ती आहे का? तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. म्हणाली, “मास्तरनं हातात घेऊन पायलं आहे. ठेवतानी उलटं ठेवलं त्याईनं. त्याईलेच इचारा ना जी. ते सांगतीन ते मले मान्य आहे.”

म्हणजे तिला कळलं होतं. मी तिच्या मागे तिच्या घरात हात घातला हे तिला माहीत होतं, आणि तरी तिनं सगळं माझ्या हातात दिलं. काहून दिलं? मास्तर आहे, पंच आहे, तोंडावर खोटं बोलणार नाही, असं वाटलं असेल? मला त्या क्षणी उलटंच वाटलं — ही मला पकडते आहे. मी खरं सांगितलं तर सगळे विचारतील, मग इतका गाजावाजा कशाला केला? मागच्या वेळी हसलेले ते पंच पुन्हा हसतील. डबा दुसऱ्याकडे जाईल. पाळक माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “होय. मूर्ती आहे.”

ती एवढंच म्हणाली, “बरं जी.” आणि उठून गेली.

आता एक पळवाट आहे, ती मीच दाखवतो, कारण पुष्कळ वर्षं मी तिच्यातून ये-जा केली. कुंकू तर होतं ना? कुंकू लावलेली वस्तू जपून ठेवणं हीही पूजाच नाही का? असेल. त्यावर पंचांनी वाद घातला असता, पाळकांनी काही निर्णय दिला असता. पण मला तो प्रश्न विचारलाच नव्हता. मला जे विचारलं त्याचं उत्तर मला माहीत होतं.

माझा शब्द म्हणजे शब्द, म्हणून घरी जाऊन खात्री करावी असं कुणालाच वाटलं नाही. चिठ्ठी बंद झालेल्या, म्हणजे ‘शिस्तीखालच्या’, माणसाच्या घरी मंडळीतलं कुणी सहसा जातही नसे. नियम असा होता की दर फेरीला एका पंचानं जाऊन विचारायचं, ती वस्तू काढली का? महालाची फेरी मी स्वतःकडे घेतली. एकट्याकडे. माझ्या म्हाताऱ्या पायांना त्रास होतो म्हणून इतर पंच ती मागायचे, मी द्यायचो नाही. लोक म्हणायचे, मास्तर किती झटतात त्या बाईसाठी.

पहिल्याच फेरीला गेलो तर कोनाड्यावर पडदा नव्हता. काढून टाकला होता. धोटा समोर, उजेडात. तिनं मला खुर्ची दिली, चहा दिला आणि आपणहून सांगितलं. बाप आठ वर्षं बोलला नाही. मरताना मात्र भावाला म्हणाला, हा पोरीले दे. भाऊ उमरेडच्या एसटीनं घेऊन आला. “बापाच्या बोटाचं कुंकू आहे मास्तर. पूजा नाही करत मी. पन पुसू कशी?” मी चहा संपवला आणि वहीत लिहिलं: अद्याप काढलेली नाही.

असं सहा वर्षं. दर तीन महिन्यांनी मी त्या उघड्या कोनाड्यासमोर बसायचो, विचारायचो, आणि ती दरवेळी म्हणायची, “पाहा ना जी. तुमीच सांगा काय आहे ते.” दरवेळी मी वहीत तेच लिहायचो. रविवारी ती शेवटच्या बाकावर बसायची आणि उपदेश संपला की उठायची. तीच इस्त्रीची पांढरी साडी. ती दारातून बाहेर पडेपर्यंत माझं लक्ष भाकरीवर नसायचं. तिनं कुणाला सांगितलं असेल का? नवे पाळक माझ्याकडे असे का बघतात? दोन बायका कुजबुजल्या की मी कान लावायचो. आज मला वाटतं, तिनं कुणालाच सांगितलं नाही.

शेवटच्या मे महिन्यात ती खाटेवर होती. अंगात काही उरलं नव्हतं. त्या दिवशी मी तिच्या नावाची चिठ्ठी लिहून खिशात नेली होती. हो, नेली होती. ती कोनाड्याकडे बोट करून म्हणाली, “मास्तर, येक डाव त्याचं नाव घ्या. फक्त नाव घ्या. मंग नका देऊ चिठ्ठी.”

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. एक शब्द बोलायचा होता. मी म्हणालो, “आराम करा, बाई,” आणि खिशावर हात ठेवून बाहेर आलो.

आठ दिवसांनी ती गेली. पाळकांनी मला विचारलं, शिस्तीखाली होती ना, शेवटी काही बदल? मी म्हणालो, नाही. त्यामुळे तिला चर्चमध्ये आणलं नाही, घंटा झाली नाही, घरून परस्पर कबरस्तानात नेलं. उमरेडहून तिचा भाऊ आला होता. पाळक बाहेर लिंबाखाली उभे होते, खोलीत मी आणि तो दोघंच. त्यानं कोनाड्यातून तो काढला, उपरण्यात गुंडाळला आणि मला विचारलं, “बाबाचा धोटा नेऊ का जी? तुमच्यात काही अडचन तर नाही?”

मी म्हणालो, “न्या, न्या.” घाईनं म्हणालो. तो पिशवीत गेला आणि मला हलकं वाटलं. हेही लिहायलाच हवं — मला हलकं वाटलं.

पुढचं प्रभुभोजन आलं. मी माझी चिठ्ठी लिहिली, दारात दिली आणि पुढच्या बाकावर बसून भाकर घेतली. त्यानंतर अकरा वर्षं घेतली. तिची चिठ्ठी अजून डब्यात आहे, अक्षर चांगलं आहे.

तो धोटा होता. लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंड, कांडीवर थोडा निळा दोरा. मी हातात घेऊन बघितला होता.