चॉप्सचा निवद

कॅम्पातल्या एका बंगल्याच्या मागच्या खोलीत आम्ही दोघी राहायचो, आई आणि मी. वडील गेल्यावर नंदगडाकडचं गाव सोडून आई इथं आली आणि बंगल्यातल्या बाईंकडं धुणीभांडी करू लागली. बाई ख्रिश्चन, शाळेतून रिटायर झालेल्या, नवरा वारलेला. काम आहे तोवर खोली, असं ठरलेलं. मी तेव्हा नुकती कॉलेजात जायला लागले होते आणि जगातलं सगळं मला कळतं, अशी माझी खात्री होती.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. बाईंची जुनी स्वयंपाकीण गोव्याला लेकीकडं कायमची निघून गेली आणि त्यातच बाईंना टायफॉइड झाला. ताप उतरला, पण अन्नावरची वासना पार उडाली. आईनं केलेली पेज दोन घोट घ्यायच्या आणि भिंतीकडं तोंड करायच्या. मुंबईहून मुलगा आला, त्यानं बाईंची दशा बघितली आणि सांगून टाकलं, "ममा, इथं तुला करून घालणारं कुणी नाही. सोमवारी माझ्याबरोबर चल. घर बंद करू." बाई लहान मुलीसारख्या रडल्या. त्यांचं घर बंद म्हणजे आमची खोलीही बंद. माणूस वाईट नव्हता, पण मला त्याचा भयंकर राग आला.

शनिवारी सकाळी बाई अचानक म्हणाल्या, "मला चॉप्स खावेसे वाटतात." दुखण्यातून उठल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं. मुलगा धावत जाऊन हाडासकट डुकराचे जाड काप घेऊन आला, पण करणार कोण? त्याला साधा चहा येत नव्हता. आई पदराला हात पुसत पुढं झाली. "करतो की मी."

आमच्या गावाकडं रानडुक्कर मिळालं तर लोक मिटक्या मारत खायचे, पण गावडुकराचं नावही घरात चालायचं नाही. आईनं ते मटण कधी हातात धरलेलं नव्हतं.

व्हायचं तेच झालं. तिनं बकऱ्याच्या मटणासारखंच ते रटारटा शिजवलं आणि निघालं ते चपलेचा तळ. बाईंनी एक घास बराच वेळ चघळला, हळूच रुमालात काढला आणि आईला थँक्यू म्हणाल्या. त्या थँक्यूनं आई अर्धी झाली.

"करताना चाखून नाही बघितलं?" मुलानं विचारलं.

"मी ह्ये खात न्हाय, सायेब."

"मग न चाखता कसं जमणार?"

"देवीचा निवद कोण चाखून करतंय व्हय?"

तो हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण ते खरं होतं. गावच्या जत्रेत भावकीतला निवद आईच करायची. पोळीचा असो की मटणाचा, देवीआधी कुणाची जीभ त्याला लागायची नाही. मुद्दाम वास घेणंसुद्धा वर्ज्य. आणि तरी तिचा निवद कधी अळणी निघाला नाही की खारट झाला नाही. पण बाईंच्या चॉप्सना देवीचा नियम लावायचा म्हणजे अतीच झालं, असं मला वाटलं. मनातल्या मनात मी ट्रंक भरायला घेतली होती.

दुपारभर आई बाईंच्या उशाशी बसली आणि एकेक गोष्ट विचारत राहिली. बाई पडल्या पडल्या हातवारे करून सांगत होत्या, मध्येच दमून डोळे मिटत होत्या. उरलेले दोन कच्चे काप आईनं रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवले.

रविवारी तिनं जाड बिडाचा तवा चांगला तापवला. काप कोरडे करून, मिरपूड चोळून आधी त्यांची चरबीची कड खाली धरली. चरबी पाझरली तसे काप आडवे टाकले, चरचर सुरू झाली. आई तव्याकडं बघतच नव्हती. मान कलती करून ती नुसती ऐकत होती. आवाज बारीक झाला तसे तिनं काप उलटले, मग जाळ कमी केला. थोड्या वेळानं बोटानं दाबलं, हाडापाशी सुरीचं टोक घालून रस बघितला. लाल नव्हता. काप उतरवून ताटलीत झाकून ठेवले. त्याच चरबीत कांदा, उकडलेल्या रताळ्याच्या चकत्या आणि परसातल्या पेरूच्या अर्धकच्च्या फोडी परतल्या. बाईंनी सफरचंद सांगितलं होतं, ते काही मिळालं नव्हतं. वरून गुळाचा खडा आणि चमचाभर व्हिनेगर. मीठ तिनं तळहातावर घेतलं, क्षणभर तोललं, त्यातलं निम्मं परत बरणीत टाकलं. मी तोंड उघडं टाकून बघत होते. जन्मभर जिच्या हातचं खाल्लं, ती आई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

मुलगा झाकण उचलायला गेला तर ती त्याच्यावर खेकसली, "आदी त्यास्नी!"

बाईंना टेबलाशी आणून बसवलं. ताट ठेवण्याआधी आईनं पाण्यात बोटं बुडवली आणि टेबलावर पाण्याचा चौकोन ओढला. निवद ठेवायची हाताची सवय. मला शरमेनं मेल्यासारखं झालं. बाईंनी त्या ओल्या चौकोनाकडं बघितलं, डोळे मिटून आपली प्रार्थना म्हटली आणि सुरी लावली. मांसातून रस निथळला आणि रताळ्याखाली पसरला. एक घास, दुसरा घास. पेरूची फोड. मग काटा बाजूला ठेवून बाईंनी सरळ हाड हातात घेतलं आणि चोखायला लागल्या. हनुवटीवर चरबीचा ओघळ आला होता, त्याचं त्यांना भान नव्हतं. मुलगा खिडकीकडं तोंड करून डोळे पुसत होता.

"उद्या तू एकटाच जा," बाई त्याला म्हणाल्या आणि दुसऱ्या चॉपचा मोठा तुकडा कापून माझ्यासमोर धरला.

मी आईकडं बघितलं. तिनं मान हलवली, घे. मी तो तोंडात टाकला. बाई जेवल्या होत्या, घर राहिलं होतं, खोली राहिली होती, आणि आई दाराला टेकून अजून माझ्याच तोंडाकडं बघत होती.

"खरं सांग गं," ती हलक्या आवाजात म्हणाली, "कसं लागतंय?"