कुशीनगरचं भोजनदान

कुशीनगरच्या सहलीबद्दल कोणी विचारलं, की महापरिनिर्वाणाची पहुडलेली मूर्ती आणि तिथलं खाणं सांगून मी वेळ मारून नेत आलो. मधली एक सकाळ गाळायचो. आज ती लिहितो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. साहेबराव आणि मी ओझरच्या विमान कारखान्यात एकाच खात्यात. तो विंचूरकडचा, बौद्ध. आईच्या पहिल्या स्मृतिदिनी कुशीनगरच्या भंतेंना (भिक्खूंना) स्वतः रांधून भोजनदान द्यायचं त्याच्या मनात होतं. मला जुनी ठिकाणं पाहायची हौस. चहाच्या सुट्टीत बेत ठरला.

नाशिकरोडहून गाडी सुटली. त्याच्या बायकोने भाकरी आणि ठेचा दिला होता. मला त्या डब्याचा, पाण्याच्या तांब्याचा, दानासाठी घेतलेल्या बाजरीच्या पिठाचाही संशय. पोट बिघडल्याचं सांगून मी केळ्यांवर राहिलो.

"वामनराव, बिघडलेल्या पोटाला एवढी केळी चालतात व्हय? लय तगडं पोट हाय तुमचं."

समोरच्या बाकावरचे हसले. मी ते मनात धरून ठेवलं.

गोरखपूरहून बस. दोन्हीकडे ऊस. गाव इतकं शांत, की तेही मला खरं वाटेना. रस्त्यावर लिट्टी-चोखा (आत सत्तू भरून निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे आणि वांग्याचं भरीत) मिळाला. मी पोटभर खाल्ला. कोणी रांधला, हे विचारलं नाही. साहेबराव बघत होता.

धर्मशाळेत आडवे झाल्यावर तो म्हणाला, "सकाळी तुमचं घड्याळ नेऊ का? भंते बारानंतर जेवत नाहीत. उशीर नको व्हायला."

मी कूस बदलत "ने" म्हणालो.

उठलो तर तो नाही, त्याची पिशवी नाही, कोनाड्यातलं घड्याळ नाही. रात्रीचं काही आठवेना. संशय मात्र तयारच होता. मी व्यवस्थापकाकडे गेलो. शोधाशोध झाली आणि साहेबरावला विहाराच्या स्वयंपाकघरातून पीठ लागलेल्या हातांनिशी आणलं. भाकरी झाल्या होत्या, वाढायचं राहिलं होतं. घड्याळ त्याच्या खिशात होतं.

"मी रात्री विचारलं होतं. सांगा ना, वामनराव."

तेव्हा मला लख्ख आठवलं. भोवती माणसं जमली होती.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

त्याला बसवून ठेवलं, पिशवी उपसली, उलटसुलट विचारलं. शेवटी मीच तक्रार नको म्हणून मोठेपणा घेतला. तो विहाराकडे पळाला, मी मागून. बारा टळले होते. भंतेंनी वाट पाहून रोजचा वरणभात घेतला होता. त्याच्या भाकरीपुढे त्यांनी नुसते हात जोडले.

साहेबरावने त्या भाकरी फाटकाबाहेरच्या मजुरांना वाटल्या. एक माझ्यापुढे धरली. "पोट बरं असंल तर घ्या." मी घेतली.

आम्ही परतलो. कारखान्यात घड्याळाची गोष्ट पसरली, ती माझ्या तोंडून, मला हवी तशी. त्याने खातं बदलून घेतलं. कुठल्याही नव्या गावात मी आधी सोबत्याकडेच संशयाने पाहतो, हे त्या सहलीने मला दाखवलं. पण ते कबूल करायला म्हातारपण उजाडलं.

निवृत्तीनंतर तो एकदा भाजीबाजारात भेटला. "पोट काय म्हणतंय, वामनराव?" त्याने विचारलं.

"बरं आहे," एवढंच बोललो. म्हणायचं होतं: साहेबराव, तू विचारलं होतंस. मी ‘ने’ म्हणालो होतो. तुझ्या आईचं दान माझ्यामुळे राहिलं. मला माफ कर.