डाव्या जबड्यातला काटा

बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या धाकटीने विचारलं, "आजी, तू अजून रागावलीयस का माझ्यावर?" मी "नाही गं" म्हटलं आणि विषय बदलला. ते बरोबर झालं नाही. मे महिन्यात तुम्ही परत निघालात त्या दिवशी ती पापा घ्यायला पुढे आली आणि मी तिला दोन्ही हातांनी ढकललं. ती पायरीवर पडली, पण रडली नाही, नुसती बघत राहिली. तेव्हा काय झालं होतं ते तुमच्या आईबाबांना मी अर्धंच सांगितलं आणि तुम्हाला काहीच नाही. म्हणून आता क्रमाने लिहिते.

सुरुवात पेडव्यांपासून झाली. या मासळीत केसासारखे बारीक काटे असतात, म्हणून तुम्ही ती खात नाही. इथली माणसं काटे हाताने निवडत नाहीत. घास तोंडात गेला की जीभ आणि हिरड्या आपसूक काटे वेगळे करतात आणि ओठाच्या कोपऱ्यातून ते बाहेर येतात. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी जेवताना माझ्या डाव्या खालच्या जबड्यात वीज शिरावी तशी कळ आली. हातातला घास ताटात पडला. चार-पाच सेकंदांत कळ गेलीसुद्धा.

"काटो रुतलो आसतलो," माझी मोठी जाऊ म्हणाली. ती शेजारच्या घरात राहते, पण दुपारचं जेवण आमचं एकत्रच असतं. "भाताचो गोळो गीळ."

"घशात नाय वयनी, हिरडेत आसा."

"इतकी शिकलंस, पोरांका इंग्लिश शिकवलंस, आणि पेडवो खाऊक येना नाय."

मी आरसा आणि टॉर्च घेऊन पाहिलं. काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी तोंड धुताना तीच कळ आली, आठवड्याने दात घासताना. सत्तर वर्षं मासे खाल्लेल्या बाईला त्या जागी काट्याशिवाय दुसरं काय सुचणार? सावंतवाडीला दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एक्स-रे काढला आणि दाढ चांगली आहे, काटा कुठे नाही, असं सांगितलं. मी ऐकलं नाही. काटा मुळाशी असेल, दाढ काढा, असा हट्ट धरला. तिसऱ्या खेपेला त्यांनी ती नाइलाजाने काढली. शेजारची दाढ काढायला ते तयार होईनात, तेव्हा मी दुसरे डॉक्टर गाठले. अशा दोन धडधाकट दाढा मी स्वतःच्या हट्टाने घालवल्या. कळ मात्र होती तिथेच राहिली.

"दाढ गेली आणि काटो रवलो," जाऊ म्हणाली. "असो कसो गो काटो?"

हा प्रश्न मलाच आधी पडायला हवा होता.

मग गोव्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागदावर चेहरा काढून समजावलं. चेहऱ्यावरचा स्पर्श, ऊन-थंड, दुखणं हे सगळं एका नसेतून मेंदूकडे जातं. अशी नस दोन्ही बाजूंना एकेक असते आणि प्रत्येकीला तीन फांद्या. पहिली कपाळ आणि डोळ्याची, दुसरी गाल आणि वरच्या दातांची, तिसरी खालचा जबडा आणि जिभेच्या पुढच्या भागाची. कवटीच्या आत, कानाच्या पुढे, तिन्ही एका गाठीत मिळतात. तिथून एकच जाड दोर मेंदूच्या देठात शिरतो. पुढे निरोप बाजू बदलतो आणि वर चढतो, म्हणजे डाव्या गालाला काय लागलं ते मेंदूच्या उजव्या भागाला कळतं.

माझा दोर देठात शिरतो तिथे एक रक्तवाहिनी त्याला घासत होती. त्यामुळे नसेवरचं वेष्टण झिजलं होतं आणि साधा स्पर्शही कळ होऊन पोचत होता. बिघाड वाटेत असला तरी मेंदू दोष जबड्यालाच देतो. मीही दाढेलाच दिला होता.

गोळ्यांनी वर्षभर बरं वाटलं. मग चक्कर येऊ लागली, रक्तातलं मीठ उतरलं, एकदा न्हाणीघरात पडले. गोळ्या कमी केल्या आणि कळा परत आल्या. तुम्ही आलात ते नेमके याच दिवसांत. वारा, पदराची कड, बोललेला एखादा शब्द, कशानेही कळ उठायची. बाळे, तुझे ओठ गालाला लागले असते तर मी तुझ्या तोंडावर किंचाळले असते. तुला ते दिसू नये, एवढंच त्या क्षणी सुचलं, आणि हात तुझ्या अंगावर गेले.

तुम्ही गेल्यावर डॉक्टरांनी पर्याय सांगितला. माझं हृदय कमजोर, त्यामुळे कवटी उघडून ती रक्तवाहिनी बाजूला करणं धोक्याचं होतं. गालातून सुई घालून त्या गाठीतले खालच्या बाजूचे तंतू जाळता येतील, पण कळ जाईल तसा स्पर्शही जाईल, कदाचित कायमचा. मी आठ दिवस मागितले.

"पोरांनी पापो घेतल्यानी तर माका कळूचो नाय, वयनी," मी म्हटलं.

जाऊ कोकमं वाळत घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "आता तरी खंय घेऊक देतंस?"

दुसऱ्या दिवशी गोव्याला फोन करून होकार कळवला.

सुई आत गेल्यावर मला मध्येच जागं केलं. "मुंग्या कुठे येतायत?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, खालच्या ओठात. सुई किंचित पुढे सरकली. "आता?" गालात. तिथे ते थांबले, सुई थोडी मागे घेतली आणि मला परत झोपवून तेवढेच तंतू जाळले. डोळ्याची फांदी राखायलाच हवी, म्हणाले, नाहीतर डोळ्यात कचरा गेलेला कळणार नाही आणि डोळा जाईल.

याला चार महिने झाले. कळ एकदाही आली नाही. डावा खालचा ओठ, हनुवटी आणि अर्धी जीभ बधिर आहे. चहा ओघळला तरी कळत नाही, म्हणून जेवणखाण झालं की आरशात बघते. पेडवे आता हाताने निवडून उजव्या बाजूने खाते, आणि जाऊ हसते. हसू माझं सरळ आहे, कारण चेहरा हलवणारी नस वेगळी असते. चवही जिभेला कळते, तिची वाट निराळी.

उजवी बाजू पूर्ण शाबूत आहे. कपाळ आणि दोन्ही डोळे शाबूत आहेत. डाव्या गालाच्या वरच्या भागावर, डोळ्याखाली, कोणी बोट टेकवलं तर टेकवलं एवढं अजून कळतं. बाळे, पुढच्या मे महिन्यात आलीस की पापा तिथे घे.