सुताराच्या मुलीचा आहेर

लग्न होऊन नेदरलँड्समधल्या झूटरमेरला आले. नवरा सकाळीच ऑफिसला जायचा, मग दिवसभर मी आणि चार भिंती. वेळ जावा म्हणून इंटरनेटवर एक फुकटचं काम अंगावर घेतलं. इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चच्या दोनशे वर्षांपूर्वीच्या नोंदी टाइप करायच्या: बाप्तिस्मे, लग्नं, दफनं.

आई फोनवर दर वेळी विचारायची, "शेजारपाजार कसा आहे?" आमची शेजारीण माझ्याशी बोलायची ती फक्त कचरा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवल्यावर. वैतागून मी त्या नोंदींतलीच माणसं शेजारी म्हणून सांगायला लागले. सुताराच्या मुलीचं लग्न झालं म्हटल्यावर आई खूश.

"आहेर काय केलास?"

"साडी," मी ठोकून दिलं.

पुढे एका दुपारी त्याच मुलीच्या दफनाची नोंद समोर आली. तिच्या बाळाच्या बाप्तिस्म्याची तारीखही तीच होती. नेमका तेव्हाच आईचा फोन.

"सुताराची मुलगी काय म्हणतेय?"

मला रडूच फुटलं.

"भांडलात का गं?" आई घाबरून म्हणाली. "तूच आधी जा तिच्याकडे. तिथे तुला दुसरं आहे कोण?"