सुकलेल्या तोरणाची भवानी

माझी आई झेंडू विकते, आणि तिच्याइतक्या तोऱ्यात फुलं विकणारी दुसरी बाई मी नाशकात पाहिलेली नाही. मखमलाबादच्या अंगाला आमचं शेत आहे. दसऱ्याला आणि लक्ष्मीपूजनाला आम्ही टेम्पो भरून फुलं आणतो आणि शहरातल्या एका मोठ्या सोसायटीच्या भिंतीला लागून बसतो. ती जागा आईने कधी भांडून, कधी गोड बोलून, कायम सगळ्यांच्या आधी पोचून राखलेली आहे. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला ती सांगते, "भाव कमी करीन, पन माझ्या फुलाला नाव ठेवायचं नाय."

दसऱ्याला दुपार कलली की झेंडूचा भाव कोसळतो. मग फुलवाले उरलेली क्रेट रस्त्याच्या कडेलाच उलटी करतात आणि निघून जातात. विकली न गेलेली फुलं परत न्यायला डिझेल कोण जाळणार? त्या ढिगांचा चिखल होतो, दुचाकी घसरतात, आणि पुढे असा वास सुटतो की नाक धरून जावं लागतं. आई मात्र आमचं उरलेलं फूल न् फूल घरी नेते आणि बांधाजवळच्या खड्ड्यात कुजवून त्याचं खत करते. देवाला जायचं फूल पायाखाली येऊ द्यायचं नाही, हा तिचा कायदा. बाकीचे फुलवाले तिची चेष्टा करायचे. "मावशी, फुलं माहेरी निघाली का?" असं विचारायचे. मला राग यायचा. आई हसून म्हणायची, "व्हय, माहेरपन करते त्यांचं."

दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला आम्ही टेम्पो भरत होतो, तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन मोबाईल घेऊन आले. बाकीचे फुलवाले कधीच पसार झाले होते आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झेंडूचे ढीग पडले होते. चेअरमननी फोटो काढले आणि म्हणाले, "दर वर्षी तुम्ही लोक घाण करून जाता. आता दिवाळीला इथे कोणालाही बसू देणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमची फुलं तर आमच्या टेम्पोत होती! मी तोंड उघडणार, तोच आईने माझं मनगट दाबलं. तिने ते ढीग एकदा नीट बघितले आणि म्हणाली, "सायेब म्हनतात ते खरं हाय."

शेतात लक्ष्मीपूजनाची फुलं कळीला आली होती. ही जागा गेली तर ती घेऊन बसायचं कुठे? दुसरीकडे प्रत्येक हातभर जागेला कोणी ना कोणी मालक होऊन बसलेला असतो. बाबांचा चेहरा उतरला. आईने पदर खोचला आणि घमेलं उचललं.

"दुसऱ्यांची घान आपन का भरायची?" बाबा वैतागले.

"घान नाय ती, फुलं हायेत. धरा गोनी."

आम्ही तिघं भरत सुटलो. एक ढीग भिंतीमागच्या नाल्याच्या उतारावर घसरला होता. तो गोळा करायला आई खाली उतरली आणि तिथेच थांबली. नाल्याच्या काठाला गाठी मारलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा खच पडला होता. काही पाण्यात अडकल्या होत्या आणि त्यांच्यामागे पाणी काळं होऊन तुंबलं होतं. तिने एक पिशवी सोडली. आत गणपतीतले हार, बुरशी आलेला झेंडू. एका हाराच्या टोकाला लाल दोऱ्याची गाठ होती. ती गाठ आमच्याच घरची; गणपतीत आई हार ओवून विकते, त्यांना ती अशीच गाठ मारते.

आई ती पिशवी घेऊन वर आली आणि तिने ती चेअरमनसमोर धरली. "सायेब, याचाबी फोटो काढा. हा नाला आपल्या गोदावरी गंगेलाच जातो ना?"

चेअरमननी मोबाईल खिशात घातला. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी येऊन उभ्या राहिल्या होत्या. पिशवीकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "ही आमच्याच घरची आहे. देवाची फुलं घंटागाडीत कशी टाकायची? म्हणून कडेला नेऊन ठेवतो."

"म्हनून नाल्यात?" आईचा आवाज चढला, मग उतरला. "आवो ताई, मला द्यायची. सुकली तरी चालतील, पिशवी तेवढी नको. दिवाळीला मी येनारच हाय." परवानगी कुणी दिली होती? पण ती असं बोलली की चेअरमननाही नाही म्हणवेना. आईचा मला एवढा अभिमान वाटला की टेम्पोत बसल्यावर माझे डोळे भरून आले.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आम्ही जागेवर आलो खरे, पण जीव टांगणीला लागलेला. बाबांनी निम्मी क्रेट टेम्पोतच ठेवली होती, हाकलून दिलं तर लगेच निघायला बरं म्हणून. बराच वेळ कुणी फिरकलं नाही. मग गेट उघडलं आणि चेअरमनच्या पत्नी बाहेर आल्या. हातात दसऱ्याचं तोरण, वाळून कुरकुरीत झालेलं, पिशवीबिशवी काही नाही. मागून आणखी बायका येत होत्या, आणि सगळ्यांत शेवटी चेअरमन, स्वतःच्या गाडीचा सुकलेला हार दोन बोटांत धरून.

"आधी हे घ्या," बाई म्हणाल्या, "मग नवीन द्या."

"भवानी पैशाची लागती," बाबा पुटपुटले. दिवसाच्या पहिल्या विक्रीबाबत ते फार कडक आहेत.

आईने ते तोरण दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि रिकाम्या गोणीत अलगद ठेवलं.

"झाली भवानी," ती म्हणाली. "उतरवा सगळी क्रेट."