दुर्बीण मावशी आणि नारिंगी भिंत

शर्टाच्या कारखान्यात त्या मावशींना सगळे दुर्बीण म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. बावीस वर्षं एकाच टेबलाशी बसून त्या कॉलर, बाह्या आणि अंगाचं कापड यांचा रंग जुळतो का ते बघत आल्या होत्या. पांढऱ्यातही छप्पन्न पांढरे असतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पिवळट कॉलर शुभ्र अंगाला लागलेली दिसली की दाताखाली खडा आल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा.

मग मालकांची सून सजावटीचं शिकून आली. "असल्या कळकट हॉलमध्ये माणसांचा जीव रमेल कसा?" म्हणाली आणि कामाला लागली. कुंड्या आल्या, पाठ टेकायला खुर्च्या आल्या, मावशींच्या टेबलाजवळची भिंत नारिंगी झाली. खरं सांगायचं तर हॉलची कळाच बदलली. शिलाईवरच्या बायका गुणगुणायला लागल्या. भिंत मावशींनाही आवडली होती, उगाच खोटं कशाला बोला?

दोन महिन्यांत माल परत आला. कॉलर एक पांढरी, अंग दुसरं.

"मावशी, डोळे गेले तुमचे!" मालक भर हॉलमध्ये गरजले. "सोमवारपासून धागे कापायला बसा."

धागे कापण्यात कमीपणा नव्हता, पण डोळे गेले म्हणून? मावशींच्या जिवाला ते फार लागलं. परत आलेला एक शर्ट त्या विचारून घरी घेऊन गेल्या. सकाळी खिडकीत धरला, तर कॉलर लगेच वेगळी दिसली.

"अहो, बघा हो जरा."

नवरा चष्मा शोधत म्हणाला, "वेगळी आहे. बिनचष्म्याच्या मला दिसतंय, म्हणजे बघ!"

मग टेबलावर का दिसलं नाही? हातातला चहा गार झाला तेव्हा मावशींच्या डोक्यात प्रकाश पडला. खिडकीतलं ऊन आधी भिंतीवर पडायचं आणि नारिंगी होऊन टेबलावर यायचं. त्या उजेडात सगळे पांढरे भाऊ-भाऊ.

मालकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

मावशी आता हट्टालाच पेटल्या. सोमवारी पलंगावरची राखाडी चादर काखोटीला मारून त्या आल्या आणि धाग्यांकडे न जाता थेट टेबलाशी गेल्या. सुनेला हाक मारली.

"सूनबाई, तुमचे डोळे तरुण आहेत. या दहा जोड्यांतल्या न जुळणाऱ्या काढा."

सुनेने निरखून निरखून पाहिलं. "सगळ्या जुळतात की."

मावशींनी चादर भिंतीवर टांगली. "आता बघा."

सून वाकली आणि तशीच राहिली. मग एकेक करत तिने चार जोड्या बाजूला काढल्या. मालकही येऊन उभे राहिले होते.

"बाबा, रंग मी निवडला होता," सून म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "मावशींना विचारायला हवं होतं."

मालकांनी घसा खाकरला. "बरं, इथली भिंत राखाडी करून घेऊ. मावशी, बसा तुमच्या जागेवर." आणि ते वळले.

"थांबा," मावशी उभ्याच होत्या. "डोळे गेले, हे तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात. आहेत, हेही सगळ्यांसमोर म्हणा. मग बसते."

एकेक करत शिलाईची सगळी मशीनं थांबली. मालकांनी हॉलभर नजर फिरवली. त्यांना तोंड उघडावंच लागलं.